मुका मार पिवळा का पडतो? (आणि मेलेल्या पेशींची माती कोण करतं?)

दूधकट्टा | रविवार, रात्री ९:२०

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण तीन दिवस डोक्यातनं जात नाही.

माझा भाचा, वय १५, पेठेतल्या तालमीत जातो. गेल्या सोमवारी जोडीदारानं ढाक लावली आणि हा पडताना मांडी हौद्याच्या कडेच्या कट्ट्यावर आपटली. हाड शाबूत, कातडी शाबूत, नुसता मुका मार. पहिल्या दिवशी तांबडं-जांभळं, मग काळंनिळं, शुक्रवारी कडेनं हिरवट, आणि आज बघतो तर पिवळं धमक.

आईनं (म्हणजे त्याच्या आजीनं) पहिल्या दिवसापासून आंबेहळद उगाळून लेप लावलाय. तिचं म्हणणं, हळद आत मुरली म्हणून पिवळं झालं. मी म्हटलं, अगं आत रक्त साकळलंय, ते कुठंतरी जातंय. ती म्हणाली, "कुठं जातंय ते सांग." आणि मी गप्प.

तर ते जातं कुठं? बाहेर तर काही येताना दिसत नाही. घरात कपाटामागं उंदीर मेला तर दुसऱ्या दिवशी वास सुटतो. शरीरात रोज एवढ्या पेशी मरतात म्हणे, मग त्यांचा वास कसा येत नाही? आतली घंटागाडी कोण चालवतंय?

जाणकारांनी सांगावं. आईला वाचून दाखवायचंय, तेव्हा जरा समजंल असं लिहा.

तांबडा_रस्सा | रविवार, रात्री ९:२४

पहिला! रुमाल टाकून ठेवतो.

निवांत_बसलोय | रविवार, रात्री ९:३१

कपाटामागचा उंदीर जेवताना वाचला. आभारी आहे.

पुण्याची_पाटी | रविवार, रात्री ९:४५

हळद त्वचेच्या वरच्या थराला रंग देते, स्नायूपर्यंत जात नाही. साबणाने धुऊन पाहावे. रंग गेला तर हळद, राहिला तर मार. यासाठी धागा काढण्याची आवश्यकता नव्हती.

तांबडा_रस्सा | रविवार, रात्री ९:४७

@पुण्याची_पाटी, दुपारी एक ते चार झोपून उठलात वाटतं. ताजेतवाने दिसताय.

प्रयोगशाळेतला_उंदीर | रविवार, रात्री १०:३८

उंदराचा विषय निघाला म्हणून हजर. पेशींवर काम करतो, तेव्हा हा आमच्या गल्लीतला प्रश्न.

आधी मांडीचं बघू. मार लागला की बारीक केशवाहिन्या फुटतात आणि तांबड्या पेशी मांसात सांडतात. त्या तिथंच अडकतात, कारण फुटलेल्या नळातलं पाणी आपणहून परत नळात जात नाही. मग त्या जागी मॅक्रोफेज नावाच्या पेशी गोळा होतात. मराठीत महाभक्षक पेशी. अंगानं मोठ्या, हातपाय नसलेल्या पण कुठल्याही फटीतनं सरपटत जाणाऱ्या. समोर आलेली मेलेली किंवा मरायला टेकलेली पेशी त्या अख्खी गिळतात.

गिळल्यावर आत काय होतं, तेच तुम्हाला मांडीवर रंगात दिसतंय. तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असतं. त्यातला हीम नावाचा भाग मॅक्रोफेज तोडतं. तोडल्यावर पहिल्यांदा जे बनतं ते हिरवं, बिलीव्हर्डिन. त्याचं पुढं बिलिरुबिन होतं, ते पिवळं. आणि सुटलेलं लोखंड साठवून ठेवताना जो रंग दिसतो तो तपकिरी, म्हणून शेवटी मातकट डाग राहतो. काळंनिळं, हिरवं, पिवळं, मातकट. भाच्याच्या मांडीवर तुम्ही चक्क पचनक्रिया बघताय. फक्त ती पोटात न होता मांडीत चाललीय.

हळद नाही, ते बिलिरुबिन आहे. कावीळ झाल्यावर डोळे पिवळे करतं तेच.

वासाचा प्रश्न जास्त चांगला आहे. त्यावर उद्या लिहितो, आत्ता मेस बंद व्हायची वेळ झाली.

दूधकट्टा | रविवार, रात्री १०:५०

@उंदीर, हे आईला वाचून दाखवलं. "पिवळंच का व्हावं मग? निळं का नाही?" असं विचारून झोपायला गेली. मी मानत होतो की मी जिंकलो.

झारेकरी_गुजरी | सोमवार, सकाळी ७:१५

@उंदीर, लोखंड "साठवून ठेवतं" म्हणालात तिथं थांबलो. हे तर आमचंच काम.

आमचे आजोबा गुजरीत झारेकरी होते. नवीन पोरांना हा शब्द ठाऊक नसेल. सोनारांच्या दुकानासमोरचा केर, पायपुसणं, गटारीतला गाळ गोळा करायचा, पाटीत घालून धुवायचा, भट्टीत घालायचा आणि त्यातनं सोन्या-चांदीचे कण काढायचे. दुकानदार केराचेसुद्धा पैसे घ्यायचा. हुपरीच्या चांदीवाल्यांकडं बघा, कारखान्यातली माती फुकट टाकत नाहीत.

तर प्रश्न असा, की शरीर हे फक्त मार लागल्यावर करतं का रोज?

प्रयोगशाळेतला_उंदीर | सोमवार, दुपारी १:०५

@झारेकरी, रोज. आणि तुमच्या आजोबांपेक्षा काटेकोर.

तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. दर सेकंदाला अशा वीस-पंचवीस लाख पेशी निवृत्त होतात आणि तेवढ्याच नव्या येतात. म्हाताऱ्या पेशींना पकडायचं काम मुख्यतः प्लीहेत आणि यकृतात चालतं. (प्लीहा म्हणजे जुनी माणसं जिला पाणथरी म्हणतात ती, डाव्या बरगडीखाली.) तिथले मॅक्रोफेज त्यांना गिळून लोखंड काढतात आणि हाडातल्या मगजाकडं परत पाठवतात, नव्या पेशींसाठी. रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोखंड असं फिरतं. आपण जेवणातनं जे लोखंड घेतो ते दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम. म्हणजे घर चालतं ते जुन्या मोडीवर, नव्या खरेदीवर नाही.

झारेकरी_गुजरी | सोमवार, दुपारी १:२०

नव्वद टक्के मोड! आमच्या धंद्यात कुणी एवढी वसुली दिली असती तर गुजरीत पुतळा उभा केला असता.

तांबडा_रस्सा | सोमवार, दुपारी १:३२

आणि ते पिवळं बिलिरुबिन? ते पण परत वापरतात?

प्रयोगशाळेतला_उंदीर | सोमवार, दुपारी १:४०

नाही, ते यकृतातनं पित्तात, पित्तातनं आतड्यात. तिथले जिवाणू त्याचं रूप बदलतात आणि त्यानंच... जेवायची वेळ आहे, पण विचारलंत म्हणून सांगतो. सकाळच्या विधीला जो तपकिरी रंग असतो तो त्याचा. लघवीचा पिवळा रंगही त्याच घराण्यातला.

निवांत_बसलोय | सोमवार, दुपारी १:४३

या धाग्यावर जेवायचंच नाही असं मी आता ठरवलंय.

तांबडा_रस्सा | सोमवार, दुपारी १:४४

म्हणजे दूधकट्टाभाऊंच्या "जातं कुठं" या प्रश्नाचं अर्धं उत्तर रोज सकाळी मिळतंय आणि आपण बघत नाही.

कागलची_सून | सोमवार, दुपारी ३:१०

काविळीवरून आठवलं. माझी लेक जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी पिवळी पडली. सासूबाई म्हणाल्या, बाळंतिणीनं हळदीचं खाल्लं म्हणून. (हळदीवर आपल्या लोकांचा लैच विश्वास, चांगल्याला पण तीच आणि वाईटाला पण तीच.) डॉक्टरांनी दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवली. डोळ्यांवर पट्टी, अंगावर नुसतं लंगोट. मी बाहेर बसून रडत होते आणि ती आत गाढ झोपलेली.

तेव्हा कुणी सांगितलं नाही की हे का होतं. आता कळतंय की तांबड्या पेशींचा माल जास्त आणि यकृत अजून कच्चं. बरोबर ना?

पेठेतली_सिस्टर | सोमवार, सायंकाळी ६:५५

@कागलची_सून, अगदी बरोबर. पोटातल्या बाळाकडं तांबड्या पेशी जास्त असतात आणि त्या लवकर संपतात. निळ्या उजेडानं बिलिरुबिनचा आकार बदलतो, मग ते यकृतानं हात न लावताही बाहेर पडू शकतं. आणि ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली ती एका सिस्टरच्याच. इंग्लंडमध्ये रॉचफर्डच्या रुग्णालयात १९५०च्या दशकात सिस्टर वॉर्ड बाळांना अंगणात उन्हात न्यायच्या. एका बाळाचं अंग उन्हात उघडं राहिलं तेवढं फिकं झालं आणि कापडाखालचं पिवळंच राहिलं. डॉक्टरांना त्यांनी दाखवलं. पुढं १९५८ साली त्यावर शोधनिबंध आला.

पण हे वाचून कुणी बाळाला घरच्या उन्हात ठेवून दवाखाना टाळू नका. रक्त तपासूनच ठरवायचं असतं.

@दूधकट्टा, भाच्याच्या मांडीची सूज वाढत चालली, पाय सुन्न झाला, किंवा मार न लागता डाग उठायला लागले तर लेप बाजूला ठेवायचा आणि सरळ डॉक्टर.

दूधकट्टा | सोमवार, सायंकाळी ७:३०

नाही नाही, काल जोर मारून आलाय. त्याला काही नाही. वाद माझा आणि आईचा आहे.

अंतर्बाह्य_शुद्धी | सोमवार, रात्री ८:०२

नमस्कार. शरीरात साचलेल्या मृत पेशी हेच सर्व रोगांचे मूळ. आपल्या पूर्वजांना हे माहीत होते म्हणून एकादशी सांगितली. उपवासात शरीर स्वतःचा कचरा स्वतः खाते. यालाच नोबेल मिळाले, २०१६, जपानचे ओसुमी. मी सात दिवसांचा शुद्धी-काढा देतो, इच्छुकांनी व्यक्तिगत निरोप पाठवावा.

तांबडा_रस्सा | सोमवार, रात्री ८:०५

आमच्या घरात एकादशी म्हणजे दुप्पट खाशी. खिचडी, वऱ्याचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचे काप. त्या दिवशी पेशींना कचरा खायला वेळच मिळत नाही.

प्रयोगशाळेतला_उंदीर | सोमवार, रात्री ९:१५

@अंतर्बाह्य_शुद्धी, दोन गोष्टींची मिसळ होतेय.

योशिनोरी ओसुमींना नोबेल मिळालं हे खरं. पण ते ऑटोफॅजीसाठी, आणि त्यांचं मूळ काम यीस्टवर. यीस्टला उपाशी ठेवलं की ते आपल्या आतलेच जुने भाग पिशवीत बांधून पचवतं. म्हणजे जिवंत पेशी स्वतःच्या घरातली अडगळ काढते. या धाग्याचा विषय वेगळा आहे. एक पेशी मेली आणि दुसरीनं येऊन तिला उचललं. आपलं माळ्यावरचं सामान आवरणं आणि शेजारच्या मयताला जाणं यात फरक आहे की नाही?

दुसरं, "साचलेल्या मृत पेशी". निरोगी शरीरात त्या साचतच नाहीत, गंमत तीच आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात रोज सुमारे ३३,००० कोटी पेशी बदलतात असा हिशोब इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या दोघांनी २०२१ मध्ये मांडला. वजनात साधारण ८० ग्रॅम. त्यात बहुतेक रक्तातल्या, मग आतड्याच्या अस्तराच्या. (आतड्याच्या बऱ्याचशा तशाच आत गळून पडतात, कातडीचाही कोंडाच होतो. त्यांना कुणी खात नाही.) उरलेल्यांची विल्हेवाट काढ्याशिवाय लागते. तुमच्या जन्माच्या आधीपासून लागतेय.

पुण्याची_पाटी | सोमवार, रात्री ९:२२

+१. व्यक्तिगत निरोपाची जाहिरात धोरणात बसत नाही. संपादकांनी लक्ष घालावे.

तांबडा_रस्सा | सोमवार, रात्री ९:२३

पाटीसाहेबांशी सहमत व्हायची वेळ आली. कलियुग.

प्रयोगशाळेतला_उंदीर | सोमवार, रात्री १०:५०

आता वासाचं.

पेशी दोन तऱ्हेनं मरते. एक अपघाती. भाजलं, चिरडलं, रक्तपुरवठा तुटला. तेव्हा ती फुगते आणि फुटते, आतला माल बाहेर सांडतो, आजूबाजूला सूज, लाली, आग. दुसरी तऱ्हा ठरवून मरायची. १९७२ साली केर, वायली आणि करी या तिघांनी तिला एपॉप्टॉसिस नाव दिलं. ग्रीक शब्द आहे, झाडाची पानं गळावीत तसं गळणं. यात पेशी फुटत नाही. ती आक्रसते, आतला डीएनए तुकडे करून आवरते, आणि स्वतःच्या छोट्या छोट्या पुड्या बांधते. प्रत्येक पुडीला वेष्टण शाबूत. जाताना घर झाडून, सामान बांधून, किल्ली दाराला लावून गेल्यासारखी.

मरायच्या आधी ती काही रसायनं सोडते, "मी इथं आहे" असं सांगणारी. एटीपी हे त्यातलं एक, तेच जे एरवी पेशीत इंधन म्हणून वापरलं जातं. त्याच्या मागावर मॅक्रोफेज येतं. पण गर्दीत नेमकी कुठली पेशी उचलायची? त्यासाठी खूण आहे. पेशीच्या आवरणाला दोन पदर असतात. फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा एक स्निग्ध रेणू जिवंतपणी फक्त आतल्या पदरात ठेवलेला असतो. बाहेर आला तर त्याला परत आत ढकलणारी यंत्रणा सतत चालू असते. मरताना पेशी ती यंत्रणा तोडते आणि दुसरी एक चालू करते, जी दोन्ही पदर कालवून टाकते. आतला रेणू बाहेर दिसायला लागतो. मॅक्रोफेजच्या भाषेत त्याचा अर्थ, "मला खा."

आणि खाल्ल्यावर मॅक्रोफेज आरडाओरडा करत नाही. उलट सूज शमवणारी द्रव्यं सोडतं. वास का येत नाही याचं उत्तर असं, की वास हे सडण्याचं लक्षण आणि सडवतात जिवाणू. इथं प्रेत जिवाणूंच्या हाती लागायच्या आतच उचललेलं असतं. छातीच्या हाडामागं थायमस नावाची ग्रंथी आहे. तिथं तयार होणाऱ्या टी-पेशींपैकी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ९५ टक्क्यांहून जास्त परीक्षेत नापास होऊन तिथंच मरतात. तरी सूक्ष्मदर्शकाखाली मेलेली पेशी शोधावी लागते. मी स्वतः शोधलीय, मान दुखते.

जोतिबाचा_गुलाल | मंगळवार, सकाळी ६:४०

आतला पदर भाईर, भाईरचा आत. म्हंजे खटक्यावर बोट, जाग्यावर पल्टी!

तांबडा_रस्सा | मंगळवार, सकाळी ६:५२

ठार. उंदीरभाऊ, हे पुढच्या प्रबंधात घाला.

प्रयोगशाळेतला_उंदीर | मंगळवार, सकाळी ९:३०

मार्गदर्शक कोल्हापूरचे असते तर घातलं असतं. शब्दशः तेच होतं.

मास्तर_निवृत्त | मंगळवार, सकाळी ११:००

या मरणोत्तर उचलण्याला काय म्हणतात? एक शिक्षक म्हणून मराठी प्रतिशब्दही सुचवावा अशी विनंती.

प्रयोगशाळेतला_उंदीर | मंगळवार, सकाळी ११:२०

एफेरोसायटोसिस. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ, प्रेत पुरायला घेऊन जाणं.

पुण्याची_पाटी | मंगळवार, सकाळी ११:३१

मृतपेशीभक्षण.

जोतिबाचा_गुलाल | मंगळवार, सकाळी ११:४०

भक्षण कशाला? आमच्याकडं सरळ "माती" म्हंत्यात. पेशीची माती. "कुठं निघालास?" "पेशीच्या मातीला."

मास्तर_निवृत्त | मंगळवार, दुपारी १२:१०

"माती" हा शब्द आपल्या भागात अंत्यविधीला वापरतात, बाहेरच्या वाचकाला तो मृत्तिका वाटेल. "पेशी-खांदा" कसा वाटतो? खांदा देणे यात प्रेत नेण्याचा भाव येतो, जो लॅटिन मुळातही आहे.

पुण्याची_पाटी | मंगळवार, दुपारी १२:१४

खांदा देणारे प्रेत खात नाहीत.

झारेकरी_गुजरी | मंगळवार, दुपारी १२:३०

हे मात्र खरं. पण एक सांगू? आपल्या पंचगंगेच्या स्मशानात महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते, आणि शेणी (गोवऱ्या) लोक होळीला दान करतात. होळी लहान करून उरलेल्या शेणी स्मशानाला. मेलेल्याच्या घरच्यांना कुणाकडं हात पसरावा लागत नाही, गाव उचलतं. उंदीरभाऊंचं वाचताना मला सारखं तेच डोळ्यासमोर येत होतं. नाव काय द्यायचं ते तुम्ही ठरवा.

प्रयोगशाळेतला_उंदीर | मंगळवार, दुपारी २:१५

@झारेकरी, तुम्हाला आवडेल असं सांगतो. सी. एलिगन्स नावाचा एक मिलिमीटरचा किडा आहे. त्याच्या शरीरात वाढताना १०९० पेशी तयार होतात आणि त्यातल्या बरोबर १३१ ठरलेल्या वेळी मरतात. दर किड्यात त्याच. यातल्या मरणाचे जनुक सापडले म्हणून २००२ चं नोबेल ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना मिळालं. या किड्याकडं मॅक्रोफेजच नाहीत! स्मशानाचा कर्मचारी नाही, शववाहिका नाही. मग उचलतं कोण? शेजारची पेशी. जी जवळ असेल ती.

आपल्याकडंही शेजारी हे करतात. डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी रोज आपल्या टोकाचा साधारण दहावा भाग टाकून देतात, मुख्यतः सकाळी उजेड पडल्यावर. मागच्या थरातल्या पेशी तो रोज खातात. खायची खूण ओळखणारा एक जनुक बिघडला तर तो कचरा साचतो आणि माणूस हळूहळू आंधळा होतो.

तांबडा_रस्सा | मंगळवार, दुपारी २:२०

म्हणजे अंबाबाईची काकडआरती चालू असते तेव्हा माझ्या डोळ्यात कुणीतरी न्याहारी करतंय.

निवांत_बसलोय | मंगळवार, दुपारी २:२२

मी तर आत्ता मिसळ खात होतो.

मास्तर_निवृत्त | मंगळवार, सायंकाळी ५:००

एक कथा सांगतो, वर्गात नेहमी सांगायचो. इल्या मेचनिकोव्ह, रशियन शास्त्रज्ञ, १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना गावी राहत होता. एके दिवशी घरची सगळी मंडळी सर्कशीतली शिकवलेली माकडं बघायला गेली. हा एकटा घरी, समोर सूक्ष्मदर्शक आणि तारामाशाची पारदर्शक पिल्लं. पिल्लाच्या अंगात फिरणाऱ्या पेशी बघता बघता त्याला वाटलं, बाहेरचं काही घुसलं तर या धावून जातील का? बागेतनं गुलाबाचे काटे आणले आणि पिल्लाच्या कातडीखाली खुपसले. रात्रभर झोप नाही. सकाळी बघतो तर काट्याभोवती पेशींचा गराडा. भक्षक पेशींची कल्पना तिथनं आली. १९०८ साली त्याला पॉल एर्लिखबरोबर नोबेल मिळालं.

तात्पर्य सांगायची सवय आहे, पण मुलं आता मोठी झालीत.

अवांतर: हाच गृहस्थ पुढं म्हणायचा की विरजलेलं दूध पिऊन माणूस दीर्घायुषी होतो. रोज आंबट दूध प्यायचा.

जोतिबाचा_गुलाल | मंगळवार, सायंकाळी ५:१२

गंगावेशीत आला असता तर म्हशीखालचं फेसाळ दूध प्यायला असता. इरजायला टाईमच मिळाला नसता.

आजरा_घनसाळ | मंगळवार, रात्री १०:०५

एरवी मी फक्त वाचते. आज लिहिते.

माझ्या बहिणीला ल्युपस आहे. सुरुवातीला सांधे दुखायचे, गालावर लाल चट्टे उठायचे. एका ठिकाणी दोन वर्षं संधिवात म्हणून गोळ्या दिल्या, दुसरीकडं "मनाचं आहे" म्हणाले. निदान झालं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी जे समजावलं ते या धाग्याशी जुळतंय. त्या म्हणाल्या, मेलेल्या पेशी वेळेत उचलल्या गेल्या नाहीत तर त्या फुटतात आणि आतला डीएनए उघड्यावर पडतो. संरक्षण करणाऱ्या पेशींनी तो कधी बघितलेला नसतो, त्यांना तो शत्रू वाटतो. मग आपल्याच डीएनएविरुद्ध शस्त्रं तयार होतात. आजाराचं हे एकच कारण नाही, पण एक मोठा धागा हाच.

आणि ऊन चालत नाही. उन्हानं कातडीतल्या पेशी मरतात, त्या उचलल्या जात नाहीत, आजार उसळतो. किरणोत्सवाला सगळं गाव देवीच्या अंगावरचं ऊन बघायला धावतं, आणि माझी बहीण पूर्ण बाह्या, स्कार्फ, छत्री घेऊन मंदिराच्या सावलीच्या ओवरीत. गोळ्या चालू आहेत, नोकरी करते, ठीक आहे. पण "शुद्धी-काढा" वगैरे वाचलं की हात थरथरतो. तिला अशा तीन जणांनी काढे दिलेत.

पेठेतली_सिस्टर | मंगळवार, रात्री १०:३०

@आजरा_घनसाळ, लिहिलंत ते बरं केलंत. हा आजार बायकांत फार जास्त, आणि "मनाचं आहे" हे वाक्य बायकांनाच जास्त ऐकायला मिळतं.

प्रयोगशाळेतला_उंदीर | मंगळवार, रात्री ११:१०

डॉक्टरीणबाईंनी फार नेमकं सांगितलंय. रक्तात सी१क्यू नावाचं एक प्रथिन असतं, ते मेलेल्या पेशीवर चिकटून "उचला" असं सांगायला मदत करतं. ज्यांच्यात ते जन्मतःच नसतं त्यांच्यातल्या बहुतेकांना ल्युपससारखा आजार होतो. बहिणीला नमस्कार सांगा.

तांबडा_रस्सा | मंगळवार, रात्री ११:१५

एकदा गंभीर विचारतो. मग जास्त खाणाऱ्या पेशी असल्या तर चांगलंच की? कॅन्सर पण खाऊन टाकतील?

प्रयोगशाळेतला_उंदीर | मंगळवार, रात्री ११:४०

प्रयत्न त्याच दिशेनं झालाय. निरोगी पेशींच्या अंगावर सीडी४७ नावाचं प्रथिन असतं, ते म्हणतं "मला खाऊ नको." कॅन्सरच्या पुष्कळ पेशी तेच अंगभर मिरवतात, चोरानं पोलिसाचा गणवेश घालावा तसं. ते झाकणारी औषधं तयार झाली. अडचण अशी की तांबड्या पेशींच्याही अंगावर तीच पाटी असते, ती झाकली की त्याही खाल्ल्या जातात आणि रक्त कमी होतं. सर्वात पुढं गेलेल्या एका औषधाच्या मोठ्या चाचण्या फायदा न दिसल्यानं थांबवाव्या लागल्या.

आणि खादाडपणाचं म्हणाल तर धमनीच्या भिंतीत बघा. तिथं मॅक्रोफेज चरबी खाऊन खाऊन फेसासारखे फुगतात, तिथंच मरतात, आणि त्यांना उचलायला आलेलेही तसेच फुगलेले. शेवटी मेलेल्यांचा ढीग राहतो. तो फुटला की हार्ट अटॅक.

तांबडा_रस्सा | मंगळवार, रात्री ११:४४

नाव बदलून घेतो. "पांढरा_रस्सा" मोकळं आहे का?

पेठेतली_सिस्टर | मंगळवार, रात्री ११:४६

त्यात खोबरं आणि काजू असतात.

कागलची_सून | बुधवार, सकाळी १०:२०

मला एक सांगा, मॅक्रोफेज सगळं खातात तर माझ्या आजेसासूबाईंच्या कपाळावरचं गोंदण कसं जात नाही? ऐंशी वर्षांचं आहे.

प्रयोगशाळेतला_उंदीर | बुधवार, दुपारी १:००

काय प्रश्न विचारलात! त्यांनी ते खाल्लंय म्हणूनच टिकलंय. शाई मॅक्रोफेजनी गिळली, पण पचवता येईना, म्हणून पोटात घेऊन बसले. उंदरांवर २०१८ मध्ये दाखवलं गेलं की शाई घेऊन बसलेलं मॅक्रोफेज मेलं की शाई सुटते आणि नवीन आलेलं मॅक्रोफेज ती लगेच गिळतं. आजीच्या कपाळावर तेच चालू असणार. धरणारे किती पिढ्या बदलले असतील, गोंदण तिथंच.

कागलची_सून | बुधवार, दुपारी १:१५

त्यांना सांगितलं. म्हणाल्या, "म्हणजे माझ्या सुनांसारखंच. घर तेच, सांभाळणाऱ्या बदलल्या."

दूधकट्टा | पुढचा मंगळवार, रात्री ९:०५

मंडळी, धागा वर काढतो, निकाल सांगायचा राहिला.

मांडीवर आता फक्त मातकट छटा आहे, उंदीरभाऊंनी सांगितलेली. मधल्या काळात पठ्ठ्यानं दंडालाही मार लावून घेतला. मी संधी साधली. आईला म्हटलं, यावेळी हळद लावायची नाही, नुसतं बघायचं. ती तयार झाली, म्हणजे तिला पण बघायचंच होतं. रोज सकाळी चष्मा लावून दंड तपासायची. जांभळं झालं, काळंनिळं झालं, आज सकाळी कडेनं हिरवं आणि मधे स्वच्छ पिवळं. हळदीचा कणही न लावता!

मी म्हटलं, आता बोल.

ती थोडा वेळ दंड बघत राहिली आणि म्हणाली, "तालमीच्या मातीत काय काय घालतात?"

मी म्हटलं ताक, लिंबू, तेल...

"आणि?"

तांबडा_रस्सा | पुढचा मंगळवार, रात्री ९:०७

हळद!!!

जोतिबाचा_गुलाल | पुढचा मंगळवार, रात्री ९:०९

म्हातारीनं आस्मान दावलं.

पुण्याची_पाटी | पुढचा मंगळवार, रात्री ९:३०

नियंत्रित प्रयोगासाठी भाच्यास मॅटवर खेळवावे.